उन्हाळ्यात कोकरांचं दूध तोडताना पाण्याचं काय करायचं?

कोकरं आईपासून तोडायची वेळ आली की एक सल्ला हमखास कानावर येतो: मेंढ्यांचं पाणी एक-दोन दिवस बंद करा, कास आपोआप आटेल. सल्ला जुना आहे. थंडीच्या दिवसांत तो पाळूनही बहुतेक मेंढ्या तगून जातात, म्हणून तो टिकलाय. पण पारा चाळिशीला टेकलेला असताना हाच प्रयोग केला, तर कास आटायच्या आधी मेंढी बसते. कास आटवायला पाणी तोडायची गरजच नसते, ते काम चाऱ्यावर हात आखडून होतं. हे कसं, ते पुढे येईलच. त्याआधी कोकरांचं बघू, कारण दूध तोडल्यावर पाण्यावाचून पहिल्यांदा अडतं ते त्यांचं, आणि त्यांच्या समोर हौद भरलेला असला तरीही अडू शकतं.

कोकराचं पाणी इतके दिवस येत कुठून होतं?

मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षा बरंच घट्ट असतं, तरी त्यात ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं. पहिले दोन-तीन आठवडे कोकरू जवळजवळ सगळं पाणी त्यातूनच घेतं. व्यायल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मेंढीचं दूध भरात असतं, मग ते उतरत जातं. बाराव्या आठवड्याच्या आसपास ते इतकं कमी होतं की कोकराचं पोट खरं तर चाऱ्यावरच भरत असतं. म्हणून साधारण ६० ते १०० दिवसांच्या दरम्यान कोकरं तोडतात. दहा आठवड्यांचं कोकरू दिवसाला अर्धा लिटर दूध ओढत असेल, तर ज्या दिवशी तोडलं त्या दिवशी त्याचं सुमारे ४०० मिलिलिटर पाणी एका झटक्यात बंद होतं.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण उष्ण प्रदेशात दूध तोडायचा हंगाम आणि कुरण वाळायचा हंगाम बऱ्याचदा एकच असतो. हिरव्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असतं, वाळल्या चाऱ्यात जेमतेम १० ते १२ टक्के. हिरव्यावर चरणारी मेंढरं थंड हवेत हौदाकडे फारशी फिरकतही नाहीत, आणि पाहणाऱ्याचा समज होतो की यांना पाणी कमीच लागतं. मग दूधही गेलं आणि हिरवंही गेलं, की पाण्याचा सगळा भार एकट्या हौदावर येतो. ज्या कोकराने आजवर हौदात नीट तोंड घातलेलं नाही, त्याच्यावर ही वेळ एकाच दिवसात येते.

आणखी एक बाब आहे, ती बाहेरून दिसत नाही. कोकरू सडाला लागलं की अन्ननलिकेच्या शेवटाला असलेली पन्हळ मिटते, तिची नळी होते, आणि दूध कोटीपोटाला, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्याला, वळसा घालून थेट खऱ्या पोटात उतरतं. म्हणजे दुधातलं पाणी कोटीपोटाच्या वाट्याला येतच नाही. तोंडाने पिलेलं साधं पाणी मात्र मुख्यतः कोटीपोटात पडतं. चारा आंबवणारे जिवाणू तिथेच वाढायचे असतात, आणि त्यांना ओलावा लागतो. पाणी न पिणारं कोकरू खुराक तोंडात घेतं, पण त्याचं कोटीपोट तयार व्हायला उशीर लागतो, आणि मग ते खुराकही कमी खाऊ लागतं. म्हणून "अजून आईचं दूध पितंय, पाण्याची काय घाई" हे म्हणणं चुकीचं आहे. दुसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे ते गवताच्या काड्या चघळायला लागतं तेव्हापासून, त्याला पोचेल अशा उथळ भांड्यात स्वच्छ पाणी असायला हवं. कोकरांच्या खुराकासाठी वेगळा कोपरा केलेला असेल, जिथे फक्त तीच शिरू शकतात, तर हे भांडं तिथेच ठेवावं.

मोठ्या मेंढीचं कोटीपोट म्हणजे तिची पाण्याची टाकीच. त्यात कित्येक लिटर पाणी चाऱ्याबरोबर घोळत असतं, आणि पाणी मिळालं नाही की शरीर त्यातूनच ओढून घेतं. वाळवंटी भागातल्या अवासीसारख्या जाती दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी पिऊनही निभावतात, त्यामागे ही सोय मोठी आहे. कोकराची टाकी अजून बांधून व्हायची असते. आईने दुपारभर तहान काढली म्हणून कोकरूही काढेल, असं धरून चालू नये.

ऊन आणि धाप

मेंढीला घाम येतो, पण तो लोकरीखाली असतो आणि त्याने फारसा गारवा मिळत नाही. ती अंगातली उष्णता टाकते ती मुख्यतः श्वासावाटे. हवा १२ अंशांची असेल तेव्हा शरीरातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे २० टक्के श्वासावाटे जाते. ३५ अंशांना हाच वाटा ६० टक्क्यांच्या आसपास पोचतो. धापा टाकताना नाकातोंडाच्या ओल्या अस्तरावरून पाण्याची वाफ होते आणि रक्त थोडं निवतं. म्हणजे उन्हात पाणी नुसतं तहानेसाठी लागत नाही, अंग थंड ठेवायला ते खर्ची पडत असतं. पाणी संपत आलं की शरीर धाप आवरतं, आणि धाप आवरली की ताप चढतो. पाणी तोडलेली मेंढी उन्हात एवढी लवकर का खचते, याचं उत्तर इथे आहे.

श्वास मोजणं अगदी सोपं आहे. सावलीत उभ्या असलेल्या मेंढीची कूस बघा, १५ सेकंदांत किती वेळा वर-खाली होते ते मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ४० ते ६० म्हणजे थोडा ताण, ६० ते ८० म्हणजे बऱ्यापैकी ताण, ८० ते १२० म्हणजे भारी ताण, आणि २०० च्या वर गेलं तर जीव धोक्यात आहे. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. आधी धाप तोंड मिटून, भराभर आणि उथळ असते. मग तोंड उघडतं, जीभ बाहेर येते, आणि श्वास सावकाश पण खोल होतो. आकडा उतरला म्हणून बरं वाटून घेऊ नये, ही पुढची पायरी असते. मेंढीचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश असतं, कोकराचं जरा वर. थर्मामीटर ४१ च्या पुढे गेला तर हातातलं काम टाकून त्या जनावराकडे बघायचं.

मग मेंढीची कास आटवायची कशी?

पाणी तोडण्यामागचा हिशेब वरवर पटण्यासारखा आहे. दुधात एवढं पाणी, तर पाणीच मिळालं नाही तर दूध कुठून येणार? आणि खरोखरच, पाणी तोडलं की दूध कमी होतं. पण ते कशामुळे होतं ते बघा. तहानलेली मेंढी वाळला चारा खायचं सोडते. चारा थांबला की दूध बनवायला लागणारी ऊर्जा आणि प्रथिनं थांबतात, आणि कास उतरते. म्हणजे कास आटण्यात मोठा हात चारा कमी होण्याचाच असतो. तो आपण सरळ कमी करू शकतो, त्यासाठी मेंढीला तहानेने पिळायचं कारण नाही.

दुसरं, कास आटण्याची यंत्रणा कासेतच आहे. दूध निघालं नाही की ते साठतं, दाब वाढतो, आणि साठलेल्या दुधातलेच घटक दूध बनवणाऱ्या पेशींना थांबायची खूण देतात. पुढे साठलेलं दूध शरीर शोषून घेतं. कोकरू लागलं नाही, हाताने पिळलं नाही, तर ही क्रिया आपोआप सुरू होते. आपलं काम एवढंच, की त्या दोन-तीन दिवसांत कासेवर फार ताण येऊ नये म्हणून आवक आधीच घटवून ठेवायची.

प्रत्यक्षात ते असं करतात. तोडायच्या आठवडाभर आधी मेंढ्यांचा खुराक आणि पेंड हळूहळू उतरवून बंद करायची. हिरवा, कोवळा, शेंगवर्गीय चारा काढून घ्यायचा. त्याऐवजी जुना, भरड, कमी प्रथिनांचा वाळला चारा द्यायचा, आणि तोडल्यानंतरही आठवडाभर त्यावरच ठेवायचं. पाणी मात्र अष्टौप्रहर समोर हवं. भरड वाळला चारा पचायलाच पाणी जास्त लागतं. वाळला चारा आणि वर पाणीबंदी, ही जोडी सगळ्यात वाईट: चारा कोटीपोटात घट्ट होऊन बसतो, रवंथ थांबतो, आणि आता आपल्यासमोर दोन दुखणी असतात.

तोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कास टम्म दिसते. बघवत नाही, हात शिवशिवतात, थोडं दूध काढून मोकळं करावंसं वाटतं. काढू नये. काढलं की दाब उतरतो आणि कास पुन्हा दूध बनवायला लागते. मात्र दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या आहेत का ते रोज बघावं. एकच बाजू लाल, तापलेली, दगडासारखी कडक झाली असेल, मेंढी मागचा पाय ओढत असेल, खाणं सोडलं असेल, तर ती दगडी आहे, म्हणजे कासदाह. तिथे थांबण्यात अर्थ नाही, डॉक्टरांना बोलवावं. आधीपासून हडकलेल्या मेंढ्यांचा चारा फार दिवस आखडू नये. त्यांचं दूध तसंही थोडंच राहिलेलं असतं, त्यांना चार दिवस पुरे.

किती पाणी लागतं, याचा अंदाज

नेमका आकडा कुणी सांगितला तर त्यावर फार विसंबू नये, कारण पाण्याची गरज हवा, चारा आणि मीठ या तिन्हींवर हलते. पण अंदाज बांधायची एक रीत आहे. कोरड्या वजनाच्या हिशेबाने दर किलो चाऱ्यामागे थंड हवेत २ ते ३ लिटर पाणी लागतं. हवा ३० अंशांच्या वर गेली की ते ४ ते ५ लिटर धरावं. २० किलोचं कोकरू वजनाच्या साधारण ४ टक्के, म्हणजे ८०० ग्रॅम कोरडा चारा खातं. त्याला कडक उन्हाळ्यात ३ ते ४ लिटर लागतील. अशी ५० कोकरं असतील तर दिवसाला १५० ते २०० लिटर झाले. ४५ किलोची आटलेली मेंढी सव्वा-दीड किलो खाईल, तिला ५ ते ७ लिटर. दुधातल्या मेंढीला याहून बरंच जास्त, १० लिटरपर्यंतही.

हे पाणी दिवसभर सारखं पिलं जात नाही, हौद घेताना हे विसरलं जातं. सकाळी चारा झाल्यावर आणि ऊन उतरताना, अशा दोन वेळांना कळपच्या कळप हौदावर येतो. फार उकाड्यात मधल्या फेऱ्याही होतात. नळ बारीक धारेचा असेल तर दिवसभराच्या हिशेबाने पाणी पुरतं, पण गर्दीच्या अर्ध्या तासात हौद कोरडा पडतो. दांडगी आधी पितात, बुजरी मागे उभी राहतात, आणि कळप सावलीकडे वळला की न पिताच त्याच्या मागे निघून जातात. कळपामागे जाणं हा मेंढराचा स्वभावच आहे, तहानेपेक्षाही तो वरचढ ठरतो. म्हणून एका मोठ्या हौदापेक्षा थोड्या अंतरावर दोन लहान हौद बरे. निदान दोन-तीन तास पुरेल एवढं पाणी हौदात साठलेलं असावं, म्हणजे धारेवर अवलंबून राहावं लागत नाही.

हौदावर पैसे घालण्याआधी एक दुपार त्याच्यापाशी बसून काढा, असं मी सांगेन. कोण येतं, कोण ढकललं जातं, कोण नुसतं हुंगून परततं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

हौद, नळ आणि कोकराचं नाक

पहिल्यांदा हौदावर आलेलं कोकरू काय करतं ते जवळून बघण्यासारखं असतं. ते आधी काठ हुंगतं. मग मान पुढे करून नाक पाण्याला लावतं, फुरफुरतं, मागे सरतं. ओठ ओले झाले की ते चाटतं. पुन्हा पुढे येतं. सडाला लागायची सवय असते म्हणून काही कोकरं हौदाची कड किंवा नळाची तोटीच चोखायला बघतात. नाक किती बुडवायचं, ओठ मिटून पाणी आत कसं ओढायचं, हे त्यांना जमायला वेळ लागतो. एवढ्यात बाजूच्या फ्लोट व्हॉल्व्हने, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणाऱ्या झडपेने, फिस्स केलं, की दचकून पळतात आणि पुन्हा लवकर येत नाहीत. व्हॉल्व्ह झाकणाखाली असावा आणि आवाज कमी करावा, हे सांगण्यामागे हेच कारण आहे. सुरुवातीला उलटाही उपयोग होतो. शांत, बारीक धार पाण्यात पडत असेल, तर तिच्या आवाजाने आणि हलत्या पाण्याच्या चमकेने कोकरं पाणी शोधून काढतात.

काठाची उंची कोकराच्या मापाने हवी, २० ते ३० सेंटिमीटर. इथे एक फसगत आहे: हौद त्या उंचीचा असतो, पण पाणी अर्ध्यावर उतरलेलं असतं. मेंढीचं तोंड पोचतं, कोकराचं नाही, आणि लांबून बघणाऱ्याला हौदात पाणी दिसतं. उंच हौदच असेल तर बाहेरच्या बाजूला दगड किंवा ठोकळा रचून पायरी करावी, आणि आतही एक मोठा दगड ठेवावा. पडलेल्या कोकराला त्यावर चढून बाहेर येता येतं.

पाण्याच्या गरमपणाकडे फार दुर्लक्ष होतं. काळा पाइप जमिनीवर उन्हात पसरलेला असला, तर दुपारी त्यातून येणारं पहिलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. कोकरू एकदा त्यात तोंड घालतं आणि धडा घेतं. पाइप जमिनीत फूटभर पुरला की बराच फरक पडतो. पुरणं जमत नसेल तर त्याच्यावर माती, पाचोळा, जुनी पोती, काहीही टाकावं. हौद जितका मोठा तितकं पाणी सावकाश तापतं, म्हणून उथळ पत्र्याचं घमेलं भर दुपारी निरुपयोगी ठरतं. हौदावर सावली हवी, पण ती हौदापुरतीच. ऐसपैस छप्पर केलं तर अख्खा कळप तिथेच ठाण मांडतो, हौदाच्या चहूबाजूंनी लेंड्यांचा आणि चिखलाचा राडा होतो, आणि मधली जागा अडवून बसलेल्या मेंढ्या दुसऱ्यांना येऊ देत नाहीत. विसाव्याची सावली हौदापासून थोड्या अंतरावर, पण नजरेच्या टप्प्यात असावी.

चिखलाचं मनावर घ्यावं. तोडणीच्या वयात कोकरांना कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे रक्ती हगवण सहज लागते, आणि त्याची अंडी उबदार, ओल्या लेंड्यांत जोमाने पिकतात. गळकी तोटी आणि भरून वाहणारा हौद हे त्यांचं नंदनवन. हौदाभोवती खडी किंवा फरशी टाकावी, गळती त्याच दिवशी काढावी. हगवण लागलेलं कोकरू दोन्ही बाजूंनी पाणी गमावत असतं: एकीकडून हगवण, दुसरीकडून धाप.

हौद घासण्याबद्दल फार सांगायला नको. तळाशी चाऱ्याचा भुगा कुजला की पाण्याला वास येतो आणि मेंढरं तोंड फिरवतात. उन्हाळ्यात लहान हौद रोज उपसावा, मोठा आठवड्यातून एकदा घासावा. तळ्या-डबक्याच्या पाण्यावर निळसर-हिरवी, रंग सांडल्यासारखी साय दिसली तर तिथे मेंढरं अजिबात सोडू नयेत. ती निळं-हिरवं शेवाळ असते आणि तिचं विष काही तासांत जनावर मारू शकतं. मेलेला उंदीर किंवा पक्षी टाकीत सापडला तर नुसता काढून भागत नाही, सगळं पाणी सोडून टाकी धुवावी.

खारं पाणी, मीठ आणि मुतखडा

उन्हाळ्यात पाणी आटतं, क्षार मागे राहतात. पावसाळ्यानंतर गोड असलेलं डबकं वैशाखात खारट होऊ शकतं. मोठी, आटलेली मेंढी लिटरमागे ५,००० मिलिग्रॅम क्षारांपर्यंतचं पाणी सहसा विनातक्रार पिते, सवयीने त्याहूनही खारट पिऊ शकते. नुकतं तोडलेलं कोकरू आणि दुधातली मेंढी यांची सहनशक्ती त्याहून कमी. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं साधं यंत्र यासाठी पुरतं. पाण्याचा उगम बदलायचा असेल, म्हणजे विहिरीऐवजी टँकर किंवा तळ्याऐवजी बोअर, तर तो तोडणीच्या आधी दोन आठवडे बदलून घ्यावा. नव्या चवीचं पाणी कोकरं बिचकत पितात, आणि ऐन तोडणीत बिचकून चालत नाही.

खुराकावर असलेल्या नर कोकरांसाठी कमी पाणी हे आणखी एका कारणाने महागात पडतं. धान्यात आणि कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतो. लघवी घट्ट झाली की त्याचे खडे बनतात, आणि नराची मूत्रनळी लांब, अरुंद, वळणाची असल्याने ते तिथे अडकतात. खच्ची केलेल्या नरांत हा धोका जास्त. कोकरू सारखं कुंथत असेल, शेपूट झटकत असेल, पोटाखालच्या केसांना वाळूसारखे कण लागलेले दिसत असतील, तर तासांचा हिशेब असतो. खुराकात चुना (कॅल्शियम) आणि स्फुरद यांचं प्रमाण निदान २ ला १ ठेवावं आणि थोडं मीठ घालावं, म्हणजे कोकरं पाणी जास्त पितात. मात्र हे मीठ पाणी भरपूर असेल तरच. पाण्याचा तुटवडा असताना मीठ घालणं म्हणजे आगीत तेल.

तोडायचा दिवस

तारखेपेक्षा कोकराकडे बघून दिवस ठरवावा. वजन जन्माच्या वेळच्या किमान तिप्पट झालेलं असावं, दिवसाला २०० ते २५० ग्रॅम खुराक ते स्वतः खात असावं, आणि हौदावर ते नीट पाणी पितं हे डोळ्यांनी पाहिलेलं असावं. ही तिसरी अट सहसा कुणी लिहीत नाही. माझ्या मते ती पहिली असावी. आईबरोबर हौदावर जाणारी कोकरं बघून शिकतात, म्हणून तोडायच्या आधीचे दोन आठवडे मायलेकरांना त्याच हौदावर आणावं जो पुढे कोकरांच्या वाट्याला येणार आहे.

मग हलवायचं कुणाला? आयांना. कोकरं ओळखीच्या वाड्यात, ओळखीच्या हौदापाशी राहू द्यावीत आणि मेंढ्यांना दुसरीकडे न्यावं. उलट केलं तर कोकराची आई, जागा, चारा आणि पाणी हे सगळं एकाच दिवशी बदलतं. कोकरांमध्ये दोन-तीन शांत, भाकड मेंढ्या ठेवल्या तर त्या हौदाची वाट दाखवत राहतात. पहिले दोन दिवस कोकरं कुंपणाला धरून ओरडत फिरतात, आईचा आवाज येईल त्या बाजूला. हौद वाड्याच्या मध्यभागी असेल तर त्याच्याकडे त्यांचं लक्षच जात नाही. एक भांडं त्या कुंपणालगतच ठेवावं, जिथे ती फेऱ्या मारणारच आहेत.

वेळ संध्याकाळची धरावी, ऊन उतरल्यावर. पहिली रात्र गारव्यात जाते आणि ओरडण्यात वाया गेलेलं पाणी भरून काढायला वेळ मिळतो. उष्णतेची लाट येणार असल्याचा अंदाज असेल तर तोडणी चार दिवस पुढे ढकलावी, कोकराचं त्याने काही बिघडत नाही. कातरणी, बिल्ले, जंतांचं औषध, गाडीतून ने-आण ही कामं त्याच दिवशी उरकायचा मोह टाळावा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस आधीच झालेली असावी, कारण तोडल्यावर खुराक वाढतो आणि तो रोग तेव्हाच डोकं वर काढतो.

पहिले पाच-सहा दिवस हौदाच्या आतल्या बाजूला खडूने किंवा रंगाने रेघ मारून ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी किती उतरलं ते बघावं. (नळ आपोआप भरणारा असेल तर तेवढा वेळ बंद करावा लागतो, तेव्हा जवळ कुणीतरी असावं.) पहिल्या दिवशी कमी पिणं स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी फारसं हललं नाही, तर काहीतरी चुकतंय: पाणी तापतंय, वास मारतंय, काठ उंच आहे, किंवा हौद कोकरांना सापडलेलाच नाही. कुशी आत गेलेलं, मान खाली घालून एकटं उभं राहिलेलं, लेंड्या बारीक आणि कडक टाकणारं कोकरू हाताने धरून हौदापाशी न्यावं, बोट ओलं करून तोंडात द्यावं आणि नाक हलकेच पाण्याला लावावं. डोकं दाबून बुडवू नये.

तहानेने व्याकूळ जनावर सापडलं तर

पाइप फुटला, व्हॉल्व्ह अडकला, आणि कळप दिवसभर कोरडा राहिला, असं कुठेही होऊ शकतं. अशा वेळी पहिली ऊर्मी असते ती हौद भरून सगळ्यांना त्यावर सोडायची. इथेच घात होतो. लांब तहानेत रक्तातलं आणि मेंदूतलं सोडियम वाढलेलं असतं. एकदम पोटभर पाणी गेलं की ते मेंदूच्या पेशींत शिरतं, मेंदू सुजतो, आणि पाणी पिऊन तासाभरात जनावर लटपटून, झटके येऊन पडतं. खुराकात मीठ असेल तर हा धोका आणखी वाढतो. एक दिवसाहून जास्त तहानलेल्या जनावराला आधी सावलीत घ्यावं, आणि दर तासाला वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढंच पाणी द्यावं: २० किलोच्या कोकराला १०० मिलिलिटर, ४५ किलोच्या मेंढीला पाव लिटरला थोडं कमी. अंगातलं पाणी पूर्ववत झालं की मगच मोकळं सोडावं, त्याला बहुधा काही दिवसही लागतात. वाळला चारा आणि खुराक सुरुवातीला पुढ्यात टाकू नये. बेशुद्ध किंवा गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं, त्याला डॉक्टरांकडून शिरेतूनच द्यावं लागतं.

नुसत्या उन्हाने चढलेला ताप असेल, तर पाय, पोट आणि जांघा, जिथे लोकर विरळ असते तिथे, पाण्याने भिजवून वारा घालावा. पाठीवरची लोकर वरवर ओली करून उपयोग होत नाही. पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि ओली, दमट लोकर अंगाची उष्णता धरून ठेवते.

तोडणीला दहा-बारा दिवस झाले, कास सैल पडली, की मेंढ्यांचा चारा हळूहळू पूर्ववत करता येतो. कोकरांना नव्या कुरणात न्यायचं असेल तर ते याच सुमारास न्यावं. तिथे शिरल्यावर चरायला सोडण्याआधी त्यांना थेट हौदावर न्यावं आणि निम्मी-अधिक कोकरं पाणी पिईपर्यंत तिथेच थोपवून धरावं.